आमच्या घरातलं जुनं नाव

माझ्या मोठ्या भावाचं नाव फार जुनं होतं. पुराणात ते एका राजाचं आहे. शाळेच्या सहलीत लेण्यातल्या शिलालेखाकडे बोट दाखवून बाईंनी सांगितलं होतं, इथलं पाण्याचं टाकं खोदून देणाऱ्या व्यापाऱ्याचंही हेच नाव. बदलापूर गावात शेती करणाऱ्या आमच्या घरात ते आजोबांचं होतं, त्यांच्या आजोबांचंही. आजोबा गेले त्याच वर्षी दादा जन्मला, म्हणून ते त्याला मिळालं.

आईने मात्र ते कधी उच्चारलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेने कसं घ्यायचं? ती त्याला बाबू म्हणायची. दादा अंबरनाथला कारखान्यात लागला, बदलापूर शहरात हेंद्रेपाड्यात त्याने फ्लॅट घेतला, त्याची मुलगी लग्नाची झाली, तरी आईचा तो बाबूच.

दोन वर्षांपूर्वी कामावरच त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात तो डोळे मिटून पडला होता. आई नुसती "बाबू, ए बाबू" करत होती.

सिस्टर म्हणाली, "मावशी, खऱ्या नावाने हाक मारा ना. कधीकधी पेशंट रिस्पॉन्स देतो."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"घे आई," मी म्हटलं. "आता कोण काय म्हणणार आहे?"

तिने डोक्यावर पदर ओढला, त्याच्या कानाशी वाकली आणि नाव घेतलं. अडखळत, जोडाक्षर चुकवत. मग मोठ्याने, परत परत. दादाच्या डोळ्याच्या कडेने पाणी ओघळलं.

"ऐकलं गं त्याने!"

सिस्टरने नुकतेच त्याच्या डोळ्यांत ड्रॉप्स घातले होते. ते आईला न सांगता मी त्याचा गाल पुसला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

यंदा त्याच्या मुलीला मुलगा झाला. बारशाला तिच्या सासूबाईंनी आपणहून विचारलं, "तुझ्या पप्पांचं नाव ठेवायचं का? आमची हरकत नाही."

"नको," भाची म्हणाली. "ते नाव ऐकलं की मला आयसीयूच दिसतो."

मग दोन अक्षरांचं एक नवं नाव ठेवलं. आईने पाळणा हलवला, घुगऱ्या खाल्ल्या, कुणाला काही जाणवू दिलं नाही.

रिक्षाने गावाकडे परतताना तिने विचारलं, "मग आता ते नाव संपलं का गं?"

"संपतंय कसलं? एवढं जुनं नाव, कुठे ना कुठे कुणाचं तरी असेलच."

"आपल्याकडचं विचारते मी," आई म्हणाली.