गुंडप्पासारखं बोलायला शिकलो, त्याची गोष्ट

“कागज रखिए वकीलसाब, जबानी बोलिए,” मुन्सफसाहेब म्हणाले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हुमनाबादच्या कोर्टात मी नवा होतो. निजामाचं राज्य, त्यामुळं कोर्टाचं काम उर्दूत. परीक्षेपुरती उर्दू मी चोख केली होती. बहस, म्हणजे अशिलाची बाजू, घरी लिहून काढायची आणि कोर्टात वाचायची. बोलताना चुका व्हायच्या, आणि चुकताना कुणी पाहिलेलं मला खपायचं नाही.

अशील दुबलगुंडीचा मल्हारी. त्याच्या मेंढरांची विहिरीकडं जायची पिढीजात वाट शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली होती. शेजाऱ्याचा वकील गुंडप्पा, माझ्याच वयाचा, घरी कन्नड बोलणारा. उर्दू माझ्याहून कच्ची. पण गडी असा बोलला की चुका कुणाच्या ध्यानातही आल्या नाहीत. मी मात्र दोन वाक्यांत अडकलो. साहेबांनी पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर मल्हारी म्हणाला, “साहेब, पुढल्या तारखेला आपल्याकडूनबी गुंडप्पाअण्णालाच बोलू द्या की.”

“अरे, तो समोरच्यांचा वकील आहे.”

“व्हय. पर त्यो बोलायलाय. तुमी नुसतं कागूद वाचायलाव.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुंडप्पाचा हेवा आधीपासून होताच. रोज सकाळी तो कोर्टासमोरच्या हॉटेलात चपराशांशी मोडकीतोडकी उर्दू बोलत बसायचा. ते हसायचे, हाही हसायचा आणि बरोबर शब्द विचारून घ्यायचा. वकिलाला हे शोभत नाही, असं मी म्हणायचो. त्याची बहस तिथंच तयार होत होती, हे आता कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन उर्दूत चहा मागितला. सगळे हसले. गुंडप्पा सगळ्यांत मोठ्यानं. उठून जावंसं वाटलं, तरी बसलो. रोज जायला लागलो. भाषेच्या प्रेमानं नव्हे. हेवा मानगूट धरून न्यायचा.

तारखेला कागद घरीच ठेवला. चुकलो, साहेब मिशीत हसले, मी थांबलो नाही. वाट मोकळी करायचा हुकूम झाला.

बाहेर मल्हारीनं माझे हात धरले. गुंडप्पा शेजारीच उभा होता.

“आज बगा साहेब, अगदी गुंडप्पाअण्णासारखं बोललाव.”

जिंकल्याचा निम्मा आनंद तिथंच गेला. ज्याच्यासारखं व्हायचं, त्याच्यासारखं रोज थोडं वागलं की माणूस तसा होतो, हे खरं. जळफळाट मात्र त्यानं कमी होत नाही.