केळीच्या गोडाउनमधलं विमान

बाकीच्यांच्या वॉशिंग मशीनच्या जाळीत नाणी सापडतात, फार तर सेफ्टी पिना. आमच्या जाळीत विमानाचा पत्रा जोडायचे रिव्हेट सापडतात. कोणी मुद्दाम टाकत नाही. खिशात राहतात, पायजम्याच्या दुमडीत अडकतात, एकदा तर पोरीच्या टोपीत निघाले. किश्शांचंही तसंच झालंय. आम्ही जमवायला गेलो नव्हतो. पाहुणे चहाला येतात, मी एक सांगायला घेते, आणि चहा गार होईपर्यंत चार निघतात!

आधी मंडळी सांगते, म्हणजे गोंधळ नको.

हर्षल म्हणजे माझा नवरा. पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर. धुळ्याला विमान चालवायला शिकला, लायसन्स काढलं, आणि मग त्याला वाटलं की चालवायला येतं तर बनवूनच का बघू नये. भूषण हा त्याचा शाळेतला मित्र, केळीचा व्यापारी. त्याच्या भुसावळ रोडवरच्या रिकाम्या गोडाउनात हे सगळं घडलं. नाना ओळखीतले, दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये. आणि अक्का, माझ्या सासूबाई. मूळ धुळ्याकडच्या, बोलणं अजून अहिराणी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही.

राहता राहिले मी. मी विमानाचं काही करत नाही. मी घाबरते.

घाबरायला कारणही होतं. आमची लेक इरा तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि तिचा बाप उडायला निघाला होता!

* * *

हर्षलने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी इराला वरण-भात भरवत होते.

“मी विमान बनवतोय.”

“बनव की. रिमोटचं ना?”

“नाही. आत बसायचं.”

घास माझ्या हातातच राहिला. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुले मोटरसायकल कमी पडनी का?”

सुट्या भागांच्या मोठमोठ्या लाकडी पेट्या आल्या. त्यातल्या दोन गोडाउनात जागा होईपर्यंत जळगावात, मेहरूणला आमच्या दारात होत्या. शेजारच्या काकू बघायला आल्या.

“फ्रीज घेतला का गं?”

“नाही काकू, विमान आहे.”

“बरं बरं,” काकू म्हणाल्या. “मग फ्रीज कधी घेताय?”

* * *

मला यात पद कसं मिळालं ते सांगते.

मी तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्यावर गॅस बंद केला का बघायला पुन्हा वर जाणारी बाई आहे. एकदा माहेरी निघाले होते, तर भुसावळला गाडीतून उतरून परत आले. गॅस बंद होता. तो नेहमीच बंद असतो.

गोडाउनात पहिल्यांदा गेले तेव्हा पंख लावून झाले नव्हते. मी विचारत सुटले. हा बोल्ट निघाला तर? ही वायर तुटली तर? वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर? भूषण म्हणाला, “वहिनी, शुभ बोला ना जरा!” हर्षलचा चेहरा तर असा झाला, की मला का आणलं असं त्याला वाटलं असावं. मलाही तेच वाटत होतं.

नाना मात्र चष्मा पुसत होते. म्हणाले, “पोरी, ‘बोल्ट निघाला तर’ याचं उत्तर या दोघांपैकी कोणी दिलं का तुला?”

“नाही.”

“मला पण नाही दिलं.” मग त्या दोघांकडे वळून म्हणाले, “आपल्यात एकच माणूस व्यवस्थित घाबरतो. हिला सेफ्टीवर घ्या. ही ‘हो’ म्हणेल त्या दिवशी विमान उडेल. नाही म्हणेल त्या दिवशी वडापाव खाऊन घरी जायचं.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वभावाला कोणीतरी नोकरी दिली! पण त्या रात्री झोप आली नाही. आधी फक्त भीती होती. आता भीती आणि सही, दोन्ही माझ्याकडे.

* * *

नानांनी वीज केंद्रातली एक पद्धत आणली होती. जो माणूस यंत्राला हात लावेल त्याने आपल्या नावाची लाल पाटी त्यावर अडकवायची: काम चालू आहे. काम संपलं की त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी काढायची नाही, साक्षात देव आला तरी.

एका शनिवारी आम्ही गोडाउनात गेलो तर प्रोपेलरवर भूषणची पाटी, आणि भूषण रावेरला मावसभावाच्या लग्नात! त्या दिवशी पहिल्यांदा इंजिन सुरू करून बघायचं होतं. हर्षलने फोन लावला. मागे बँड वाजत होता.

“अरे, मी फक्त पुसायला गेलो होतो! काढून टाका पाटी!”

हर्षलने नानांकडे पाहिलं. नाना स्टुलावर बसले आणि त्यांनी पेपर उघडला. “ज्याने लावली तोच काढेल.”

दुपारी भूषण आला. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, बोटांना जिलबीचा पाक. सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटत त्याने पाटी काढली. “एवढ्यासाठी वरात सोडून आलो! नवरदेव माझ्या नावाने...” आणि बोलता बोलता थांबला.

“काय झालं?”

“नाना, पुसताना मी बोल्ट काढले होते. परत लावले, पण... हातानेच फिरवून ठेवलेत. पान्याने आवळायचे राहिलेत.”

नानांनी पेपरचं पान उलटलं आणि म्हणाले, “फेटा काढून ठेव. पान्यात अडकेल.”

* * *

दसऱ्याला आपल्याकडे दाराशी असेल त्या गाडीची पूजा होते. स्कूटर, ट्रॅक्टर, जे असेल ते. अक्कांचा विमानाला विरोध होता, पण पूजेविना ठेवायलाही विरोध होता! त्यांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला (जमिनीवर, हे मी आधीच बजावलं होतं), आणि विमानाच्या अंगावर ओल्या कुंकवाचं झकास स्वस्तिक काढलं.

चार दिवसांनी मी टॉर्च घेऊन माझी तपासणी करत होते. विमानाच्या बाजूला एक बारीक भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत कळतो, आणि त्यावर वेगाचा आणि उंचीचा काटा चालतो. भोक बंद, तर काटे खोटं बोलणार.

मला भोक सापडेना. म्हटलं, झालं, आता भोकं पण दिसेनाशी झाली. हर्षल आला, त्यालाही सापडेना. भूषण म्हणाला, “होतं ना यार इथंच!” तिघं विमानाला नाक लावून उभे.

स्वस्तिकाला चार ठिपके असतात. चौथा ठिपका अक्कांनी बरोबर भोकावर दिला होता. आतपर्यंत वाळलेला!

सगळं साफ करून पुन्हा तपासायला दोन दिवस गेले. अक्कांना कसं सांगायचं म्हणून हर्षल शब्द जुळवत होता, तर त्या म्हणाल्या, “आयतं भोक व्हतं, मी ठिपका दिधा. आधी सांगाले काय व्हयनं तुमले?”

मुद्दा बरोबर होता. आता स्वस्तिक शेपटीवर असतं. आणि पूजा झाली की अक्का स्वतः वाकून बघतात आणि जाहीर करतात, “मोकळं शे!”

* * *

थंडीत जळगावात माणसं भरीत खायचं निमित्त शोधत असतात. त्या वर्षी आमच्या गच्चीवर इतक्या पार्ट्या झाल्या की शेजारी वांगी आणून ठेवायला लागले. भरीत, कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल आणि कांद्याची पात.

आणि नेमकं त्याच महिन्यात विमानाचं वजन करायचं होतं. छोट्या विमानात माणूस, पेट्रोल, सामान, सगळं मिळून एक मर्यादा असते. ती ओलांडली की धावपट्टी संपते आणि विमान जमिनीवरच असतं. नानांनी हर्षलला केळीच्या क्रेट मोजायच्या काट्यावर उभं केलं. आकडा बघितला. चष्मा काढून पुन्हा बघितला.

“हर्षल, एक तर भरीत घे, नाही तर पेट्रोल.”

हर्षल विचारात पडला. तो विचारात पडला, याचंच मला वाईट वाटलं.

* * *

उडण्याआधी दर वेळी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढायचं, उजेडाला धरायचं आणि खाली पाण्याचे थेंब दिसतात का बघायचं. पेट्रोलमध्ये पाणी म्हणजे वर गेल्यावर इंजिन बंद. मी हे इतक्यांदा केलं, की इरा बघून शिकली.

एक दिवस दूधवाले भाऊ दारात उभे होते. मी दूध घेतलं, इराच्या पेल्यात थोडं ओतलं. तिने पेला दोन्ही हातांनी उचलला, खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला आणि मोठ्याने विचारलं,

“आई, पाणी आहे का यात?”

दूधवाले भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी विमानाचं सांगायला सुरुवात केली. विमानाचं सांगितल्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही, हे मला तोवर कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दूध मात्र चांगलं घट्ट येतंय!

* * *

विमान उडालं. सगळ्या परवानग्या हातात आल्यावर, धुळ्याच्या धावपट्टीवरून, एका साध्या मंगळवारी सकाळी. वर गेलं, मैदानाभोवती फिरलं, खाली आलं. मी पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवले होते. पण त्याचा किस्सा होत नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर सांगणार काय!

पाहुणे मागून ऐकतात तो किस्सा त्याच्या आधीच्या रविवारचा.

खरं तर उडायचं होतं त्या रविवारीच. अक्कांनी सगळ्या भाऊबंदांना कळवलेलं. दोन क्रूझर जीप भरून माणसं आली, सुरतेहून आत्या आल्या. कुंपणापलीकडे सतरंज्या पसरल्या, चिवड्याचे डबे उघडले. अक्का खुर्चीवर, मांडीवर पेढ्यांचा खोका.

मी सगळं बघून घेतलं. वारा, पेट्रोल, बोल्ट, भोक. विचारायला एकही प्रश्न उरला नाही, याचीच भीती वाटली. हर्षल आत बसून माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, “हो.”

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं. इंजिनचा आवाज चढला. पंचवीस मोबाइल एकदम वर झाले. मी इराला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

मग आवाज उतरला. विमान वळलं आणि रिक्षासारखं हळूहळू आमच्याकडे परत आलं.

कुंपणापाशी मोबाइल खाली आले. हर्षलचे काका ओरडले, “काय रे हर्षल, रस्ता चुकना का?” हशा पिकला.

हर्षल उतरून कुंपणाशी आला. कान लालबुंद. म्हणाला, “इंजिनला ठिणगी द्यायच्या दोन सोयी असतात. एकेक बंद करून बघतो. एक बंद केली तर इंजिन जास्तच मंदावतंय. आज नाही.”

“अरे, पण दुसरी चालू आहे ना?” एक चुलतभाऊ म्हणाला. “एक चक्कर तर मार! एवढ्या लांबून आलोय.”

“आत्या सुरतेहून आल्यात,” अजून कोणीतरी.

भूषण बुटांकडे बघत होता. नाना चष्मा पुसत होते. माझा ‘हो’ तर आधीच देऊन झाला होता.

“आज नाही,” हर्षल पुन्हा म्हणाला.

अक्का खुर्चीवरून उठल्या. खोक्याची दोरी दातांनी तोडली. पहिला पेढा कुंपणातून हात घालून हर्षलच्या तोंडात कोंबला आणि मग ओळीने सगळ्यांना वाटत निघाल्या.

काकांनी हातातला पेढा उलटासुलटा करून पाहिला. “अक्का, इमान उडनंच नही. मंग हाऊ पेढा कशाना?”

“मना पोर्‍या माघारे फिरना,” अक्का म्हणाल्या, “त्याना!”

आणि काकांचं तोंड उघडंच होतं, तर त्यात अजून एक घातला.