दुसऱ्याच बोर्डाची ओळ

महाल भागातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात रॅम मागितली, की तो आधी मदरबोर्डचं नाव विचारतो. "कोणतीही द्या" म्हणणाऱ्याकडे तो मान वर करूनही पाहत नाही. "कोणतीही चालत नाही गा," एवढंच म्हणतो. मग त्या बोर्डाला चालणाऱ्या रॅमची यादी उघडून, बोट ठेवून, ओठ हलवत वाचतो.

माझ्या मुलीचा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे नकाशे ती त्यावर काढत होती. पंधरा दिवसांनी एका सकाळी तो स्कूटरवरून हुडकेश्वरला आमच्या दारात हजर झाला.

"भाऊ, रॅम बदलाची आहे. यादीत मी दुसऱ्याच बोर्डाची ओळ वाचली होती. काल ध्यानात आलं."

"पण चालू तर आहे!" मी म्हणालो.

"चालून राहिला, पण कामाच्या मधातच बंद पडन."

मुलीने मान खाली घातली. तसं दोनदा झालं होतं. आपल्याच हातून काही बिघडलं असं समजून ती आम्हाला काही बोलली नव्हती. नकाशे पुन्हा काढत बसली होती.

त्याने रॅम बदलली, झाकण लावलं आणि तिच्याकडे वळला.

"चूक माही होती वं पोरी, तुही नाही."