लाल डागांच्या दहा भाकऱ्या

सिद्धम्माने भाजलेली कडक भाकरी मोडली की आवाज शेजारच्या खोलीत जातो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर राजशेखर यांचा भाकरीचा छोटा कारखाना आहे. तिथला मुख्य तवा एकोणीस वर्षे तिच्याकडे होता. भाकरी पातळ थापायची, शेकायची, मग मंद आचेवर फडक्याने दाबत पापडासारखी कडक करायची. तांबूस डाग पडले, की तिच्या लेखी भाकरी झाली. फिक्या राहिलेल्या ती बाजूला काढी आणि संध्याकाळी घरी नेई.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका खरेदीदाराने माल मागितला. अट एकच, आधी ॲक्रिलामाइडची तपासणी. पिठाचे पदार्थ कडक आचेवर लालसर होताना त्यांत हे संयुग तयार होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला आहे. खरेदीदाराची मर्यादा किलोमागे साडेतीनशे मायक्रोग्रॅम.

"सिद्धम्मा, दहा भाकऱ्या बांध. लॅबला पाठवायच्यात," एवढेच राजशेखर म्हणाले.

तिने सगळा ढीग उपसून दहा निवडल्या. पाहुण्याला वाढाव्यात तशा, खरपूस.

आकडा आला सहाशे दहा. राजशेखर अहवाल आणि सिद्धम्मा, दोघांना घेऊन लॅबमध्ये गेले. तपासणी करणाऱ्या पूनमने विचारले, "मावशी, या कशा निवडल्या?"

"लई चांगल्या बघून दिल्या की. सायबाच्या तोंडात जायच्या, कच्च्या कशा देऊ?"

"इथं कुणी खात नाही, मावशी. दळतो आणि मशीनला लावतो."

"दळता? मग पीठच आणलं असतं की!"

पूनम हसली. राजशेखर हसले नाहीत. नमुना ढिगातून न निवडता उचलायचा असतो, नुसत्या लाल भाकऱ्या दिल्या तर आकडा चढणारच, हे पूनमने त्यांना समजावले. त्यांनी त्यातले एवढेच घेतले, की फिकी भाकरी पास होते. पुढच्या वेळी दहा फिक्या पाठवल्या. एकशे ऐंशी. मागणी पक्की झाली. आता सगळ्याच भाकऱ्या फिक्या हव्या होत्या, म्हणून राजशेखर तव्यावर दुसरी बाई बसवायला निघाले.

"मालक, मी बी फिकी भाजते की. आच कमी केली की झालं."

"तुझा हात आता वळायचा नाही."

तिने दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दुपारी तिने भाजलेल्या ढिगात तेरा लाल भाकऱ्या निघाल्या. कच्ची वाटणारी भाकरी उतरवायला हात धजत नव्हता. तवा रुपालीकडे गेला. ती सहा महिन्यांपूर्वी कामाला लागली होती आणि तिला भाकरी लाल करायची घाई नव्हती. सिद्धम्मा पॅकिंगला बसली. एकोणीस वर्षे जे बाजूला काढले, ते आता खोक्यात भरते.

मार्चमध्ये पूनम नमुने न्यायला कारखान्यात आली, तेव्हा सिद्धम्मा घरी निघाली होती. हातात गाठोडे.

"यात काय, मावशी?"

"लाल झालेल्या. खोक्यात चालत न्हाईत, मालक मलाच देतात." गाठोडे तिने जरा वर उचलून दाखवले. "पयल्यांदा घरात चांगली भाकरी जायला लागली बघ. नातवंडं लई आवडीनं खातात."

पूनमच्या पिशवीत दहा फिक्या भाकऱ्या होत्या. पिशवीवर तिने तारीख घातली. गाठोड्यातल्या भाकऱ्यांची तपासणी कुणी मागितलेली नव्हती.