कळ ओसरू दे, मग विचारते

भूलबाई लेबर रूममध्ये शिरल्या की त्यांचं पहिलं काम म्हणजे सासूला बाहेर काढणं. सासू नसेल तर आईला, आई नसेल तर नवऱ्याला, आणि यातलं कुणीच नसेल तर आमच्या सिस्टरला. "दुखतंय एकीला आणि बोलताय सगळ्या," असं म्हणून त्या धाडकन दार लावून घेत. मग आतून त्यांचा अगदी वेगळा, खालच्या पट्टीतला आवाज यायचा, "हं, आता तू सांग."

गंगापूर रोडवरच्या एका प्रसूतिगृहात मी काउंटरवर बसायचे. नव्वदीच्या मध्यापासून पुढं बरीच वर्षं बसले. बाई फक्त आमच्या नव्हत्या, साऱ्या नाशिकच्या होत्या. तेव्हा भूल देणारे डॉक्टर एका जागी बसून नसत. फोन आला की बाई औषधांची बॅग स्कूटरला अडकवून निघायच्या. सकाळी पंचवटीत कुणाचा हर्निया, दुपारी आमच्याकडे सिझर. उंच बांधा, घट्ट अंबाडा, पदर कमरेला खोचलेला आणि राग नाकाच्या शेंड्यावर. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काउंटर, चहा सांग," एवढंच. भूल देणाऱ्या म्हणून पेशंटच्या नातेवाइकांनी त्यांना भूलबाई केलं होतं, आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं.

बाळंतपणाच्या कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन तेव्हा आमच्याकडे नवं होतं. पाठीत एक बारीक नळी बसवायची आणि तिच्यातून थोडं थोडं औषध सोडत राहायचं. बाळंतीण जागी असते, कळ आलेली तिला कळते, पण जीव जात नाही. यावर आमच्या बाकावर जितक्या गरोदर बायका, तितकी मतं. एकीला ते श्रीमंतांचं फॅड वाटायचं. दुसरीला पाठ जन्माची जाईल अशी धास्ती. तिसरी पाचव्या महिन्यातच येऊन, "माझं नक्की हं," असं मला बजावून गेलेली. आणि कळा सोसल्याशिवाय आईची माया येत नाही, असं सांगणाऱ्या तर उदंड. त्यांना बाई विचारायच्या, "मग बापांना माया कुठून येते?"

बाईंची एक पद्धत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. कळ आलेली असताना एखादी ओरडली, "द्या हो, काय द्यायचं ते द्या," तरी त्या लगेच सुई हातात घेत नसत. "कळ ओसरू दे, मग विचारते," म्हणायच्या. कळ ओसरली, बाळंतिणीनं श्वास घेतला, की पुन्हा विचारायच्या. तेव्हा जे उत्तर येईल ते खरं. "कळेत माणूस सातबाराही लिहून देईल," असं त्यांचं म्हणणं.

एकदा देवळ्याहून एक सून आली. बरोबर सासू, नऊवारीतली, आवाज खणखणीत. इंजेक्शनचं नाव काढताच सासूबाई उसळल्या. "आमच्यात नाय चालत असलं. मी पाच पोरं काढली, सुई नाय का बिई नाय!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, दाढ काढलेली दिसतेय तुमची."

"मागल्या साली. लय ठणकत होती."

"तशीच काढली, का सुई देऊन?"

"तशी कशी काढतील? मरंल की माणूस!"

"मग दाढेला एक न्याय आणि सुनेला दुसरा?"

बाई विजयी मुद्रेनं सुनेकडे वळल्या, "काय गं, देऊ ना?" ती म्हणाली, "नको बाई. मला सुईचंच लय भ्याव वाटतं. कळांचं नाय वाटत." आम्हाला वाटलं आता बाई भडकणार. पण त्या खो खो हसल्या. वर बाहेर येऊन सगळ्यांना दम दिला की हिला आता इंजेक्शनचं कुणी विचारायचं नाही.

दुसरी एक इंजिनिअर मुलगी. तिनं आपल्या बाळंतपणाचा बेत टाइप करून आणला होता. मंद दिवा, हळू आवाजात संतूर, नवरा उशाशी, इंजेक्शन मुळीच नाही. बाईंनी कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे. फक्त बाळाची सही राहिलीये." प्रत्यक्षात संतूर सुरू होऊन तासही झाला नसेल, आतून आरोळी आली, "ती भूलवाली कुठाय?" बाई गेल्या, कळ ओसरू दिली, विचारलं आणि इंजेक्शन दिलं. नंतर ती मुलगी शरमून बोलेना, तेव्हा तिच्या डोक्यावर टपली मारत म्हणाल्या, "अगं, ही काय बोर्डाची परीक्षा आहे? बेत बदलला म्हणून कुणी नापास करत नाही."

माझ्या वेळी मी कळेतही हो म्हटलं आणि कळ ओसरल्यावरही हो म्हटलं. माझी आई पुढं वर्षभर त्या सुईच्या नावानं बोटं मोडत होती, कारण तेव्हापासून पाठ दुखायला लागली होती. तिची. माझी अगदी ठणठणीत होती.

अशा या बाईंची एकुलती एक मुलगी अनघा पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. घरच्यांना आपण भूल द्यायची नाही असा त्यांचा नियम, म्हणून पंचवटीतल्या देशमुख डॉक्टरांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं. नळीचा चांगला सेट मुंबईहून मागवला. आमच्या सिस्टरना, आयांना, मला, अगदी रिक्षावाल्यालाही सूचना झाल्या. सगळ्यांना सांगून झालं. फक्त अनघाला विचारायचं राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते काही खोटं नाही.

डोहाळजेवणाला आम्ही सगळ्या जमलो होतो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी ते झालं. आणि ओटी भरता भरता कुणीतरी म्हणालं, "तुझं काय बाई, आईच भूलबाई, तुला कळा कशाला लागतात!" अनघा हसून म्हणाली, "मी इंजेक्शन घेणार नाहीये."

बाईंच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं. "का? आईवर विश्वास नाही?"

"आहे गं. पण मला सगळं अनुभवायचंय."

"अगं, यात झोपवत नाहीत."

"माहितीये आई. लहानपणापासून जेवताना तेच ऐकतेय. तरी नको."

त्या दिवसापासून मायलेकी घरात एकमेकींशी जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोलू लागल्या. बाई येऊन माझ्यासमोर धुसफुसायच्या. "काउंटर, तू सांग तिला. तू घेतलंयस. तुझं ऐकेल." मी म्हटलं, "बाई, दुखणार कुणाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप पेनाचं टोपण लावलं. खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. त्यांचं स्वतःचं सिझर झालेलं, तेही पूर्ण भूल देऊन. कळा म्हणजे काय ते त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ऐकू आल्या की थांबवल्या होत्या. मुलीच्या कळा मात्र त्यांना थांबवता येणार नव्हत्या.

अनघाला एका रविवारी सकाळी आणलं. बाई कधी नव्हे त्या नातेवाइकांच्या बाकावर बसल्या, बॅग मांडीवर धरून. देशमुख डॉक्टर न बोलावता आले आणि शेजारी पेपर वाचत बसले. दुपारी आतून ओरडणं वाढलं तसा बाईंचा अंबाडा सैल होत गेला. एवढ्यात सिस्टर बाहेर आली. "बाई, अनघाताई बोलावतायत. बॅग बाहेर ठेवा म्हणाल्यात." बाईंनी बॅग माझ्या टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून मला पुढचं दिसलं.

बाईंनी तिची कंबर दाबायला सुरुवात केली होती. एक मोठी कळ आली आणि अनघा किंचाळली, "आई, दे गं! दे आता, मरते मी!"

बाईंची नजर दाराबाहेर, थेट बॅगेवर गेली. देशमुखांनी पेपर खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले. एक शब्द पुरे होता. तरी त्या म्हणाल्या, "कळ ओसरू दे बाळा. मग विचारते."

कळ ओसरली. बाईंनी तिचं तोंड पुसलं आणि विचारलं. अनघा डोळे मिटूनच म्हणाली, "नको. तू नुसती धर मला."

बाईंनी धरलं. संध्याकाळी नात झाली, चांगली गोबरी आणि आईपेक्षा जोरात ओरडणारी. बाई बाहेर आल्या तेव्हा केस मोकळे, दंडावर लेकीच्या नखांचे ओरखडे. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून त्या लहान मुलीसारख्या रडल्या, मग चहा मागितला. "इतकी वर्षं बायकांना सांगत आले, घाबरू नका, मी आहे," त्या म्हणाल्या. "पण मी आले की दुखणं थांबायचं गं. दुखत असताना नुसतं जवळ थांबायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं."

त्यानंतर बाई इंजेक्शन नको म्हणणाऱ्या बायकांकडेही येऊ लागल्या. हातातलं काम उरकून, जमेल तेव्हा. यायच्या, सासूला बाहेर काढायच्या आणि कंबर दाबत बसायच्या. ज्यांना इंजेक्शन हवं त्यांना तितक्याच आनंदानं द्यायच्या. पुढं गुडघे बोलू लागले, तेव्हा स्कूटर विकून त्या नातीकडे पुण्याला राहायला गेल्या. निरोपाला पेढे घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. मी नमस्कार करायचं सोडून त्यांना चहा सांगायला धावले.

त्या गेल्यावर थोड्याच दिवसांत मालेगावकडची एक बाई कळा देत काउंटरशी आली. सोबत नुसता नवरा, तो बिचारा तिच्याहून घाबरलेला. तिनं माझं टेबल घट्ट धरलं आणि विचारलं, "त्या सुई न देणाऱ्या बाई कुठं हायेत? माझ्या जावेनं सांगितलं, त्या नुसत्या धरून बसत्यात."

मी म्हटलं, "त्या पुण्याला गेल्या." तिचा चेहरा पडला. मी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, नवऱ्याला बाकावर बसवलं आणि तिचा हात धरून आत गेले.