चोळीवरून घेतलेला ताप

गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली होतो. रोग्याचा ताप पाहायचा, नाडी मोजायची आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे माझं काम. बायका पडद्याआड बसत. पडद्याखालून मनगट बाहेर आलं की मी नाडी मोजी. थर्मामीटर मात्र सोबतच्या बाईकडे देई. दुसऱ्याची उष्टी काच कुणी तोंडात घेत नसे, म्हणून ताप काखेतच पाहायचा.

निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. मेंढपाळाच्या घरची सहा दिवसांची बाळंतीण बैलगाडीतून आली. सोबत सासू, तिच्या मांडीवर बाळ. मी थर्मामीटर आत दिला, काखेत धरा म्हणालो.

"ह्या काचेच्या काडीला काय कळायलंय?" सासू म्हणाली. "मला इचारा की. पोरीला लय थंडी वाजायली."

पारा साडेअठ्ठ्याण्णववर होता. नाडी एकशे तीस. हे दोन आकडे जुळत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण दवाखान्यात बायकांची नाडी भीतीनं धावते, असं मी धरून चाललो. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली. "कमजोरी है," म्हणाले आणि शक्तीचं औषध लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ती माणसं परत आली. सून बरळत होती. घाईत पडदा अर्धाच ओढला गेला. सासूनं थर्मामीटर चोळीवरून, मध्ये पदराची घडी ठेवून धरलेला मला दिसला.

"मावशी, अंगाला लागू द्या तो."

"परक्या जागी चोळी सोडायची व्हय? परवा बी असाच धरला होता की."

अंगाला लावून धरायचा, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. अंगाला लावल्यावर पारा एकशे चारच्या वर गेला. बाळंतरोगावरच्या नव्या गोळ्या कपाटात होत्या. त्या दिल्या. परवा दिल्या असत्या तर ती वाचलीच असती, असं म्हणता येत नाही. दुपारी ती गेली.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. सासूला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

ती बाहेर ओट्यावर बाळ घेऊन बसली होती.

"दादा, ह्याला शेळीचं दूध चालंल का?"

"चालंल. निम्मं पाणी घाला, उकळा आणि कापसाच्या बोळ्यानं पाजा."

"पाणी आधी घालू का उकळल्यावर?"

मी आतून भांडं आणलं आणि तिच्यापुढे बसून करून दाखवलं.