पायाळू बाईची लाथ

वडनेर भोलजीला आमच्या शेजारी एक पायाळू बाई राहायची. पायाकडून जन्मलेल्याच्या लाथेनं कमरेची उसण जाते, म्हणून सकाळपासून तिच्या ओट्यावर माणसं पालथी पडलेली असत. तोंडात तंबाखू धरून ती लाथ मारायची आणि म्हणायची, "ऊठ बे, झालं." गोऱ्या साहेबाच्या चपराशालाही तेच, "ऊठ बे."

तिची सून मात्र कायमची बाजेवर होती. कुणी करणी केली, असं गाव म्हणायचं.

माझ्या बाळंतपणाला वर्ष झालं तरी कंबर धरलेलीच होती. घागर उचलताना रडू यायचं. शेवटी सासूबाई मला तिच्याकडे घेऊन गेल्या. तिनं त्यांना ओट्यावरच बसवलं, आत मला पालथं निजवलं आणि दार लावून ज्वारीच्या पोत्याला दणकन लाथ घातली.

"बोंबल ना वं," ती माझ्या कानाशी कुजबुजली.

मी बोंबलले. बाहेर सासूबाई म्हणाल्या, "लागली वाटते."

मग ती म्हातारी स्वतःच उताणी निजली, गुडघे उभे केले आणि हळूहळू कंबर भुईवरून उचलली. मी बघतच राहिले.

"रोज असं करजो. दम रोखू नको. माही कंबर धरली तवा मले कोन लाथ मारन? असंच करून बरी झालो."

"पण मले लाथ काऊन नाही मारली?"

ती कोपऱ्यातल्या बाजेकडे बघत राहिली.

"इलेबी बाळंतपनाचीच कंबर होती. म्या लाथ मारली अन् ऊठ वं म्हनलं. थे अजून उठली नाही."